मानाचे साडेचार

मृणालिनीवहिनींना मी साडेचार दिले तेव्हा मला वाटलं, आपण फार दिलदार माणूस आहोत. दत्तूशास्त्र्यांना पाच दिले होते, कारण आमच्यात ते सगळ्यांत वडील. चौरसियाजींना साडेचार, कारण जागा त्यांची. आमच्या लखनौच्या जावयाला चार. त्याने बॅट हातात धरली ती गेल्या दिवाळीत, आणि तीही फोटोपुरती, पण जावयाला चाराच्या खाली बसवायचं कसं? स्वतःला साडेतीन घेतले. मनातून चार घ्यायचे होते, पण आपली आरती आपणच ओवाळणं बरं दिसत नाही. आणि बायकोला दोन. चारचौघांत बायकोचं कौतुक करायचं नसतं, एवढी रीतभात काशीत मंगला गौरीजवळच्या आम्हा मराठी मंडळींत अजून शिल्लक आहे.

हे आकडे कसले ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा पत्ते कुटत बसला होता. हे पिकलबॉलचे आकडे. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, टेबल टेनिसच्या बॅटीहून मोठी बॅट, बॅडमिंटनएवढं मैदान आणि कमरेएवढी जाळी. अकरा गुणांचा डाव. फार पळावं लागत नाही म्हणून साठीपुढची माणसं याच्या नादी लागतात, आणि मग नको तिथे पळायला जाऊन कंबर धरून बसतात. मी दोनदा बसलो.

हा नाद घरात आणला माझ्या धाकट्या मुलीने, हिमानीने. ती इथल्या विद्यापीठात शिकते, तिकडे पोरं हे खेळतात. आमच्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसाला कोणाच्या तरी ओसरीवर चढावं लागतं, तिथे मैदान कुठून येणार! पण मच्छोदरीच्या पलीकडे चौरसियाजींचं लग्नाचं लॉन आहे. लगन असली की तिथे बँडबाजा आणि पुरी-कचौडीची धांदल, आणि चातुर्मासात किंवा पौषातल्या खरमासात, लग्नं नसतात तेव्हा, नुसता शुकशुकाट. जेवणाचे स्टॉल लावायला त्यांनी सिमेंटचा मोठा चौथरा बांधलाय, त्यावर आम्ही चुन्याच्या रेघा मारल्या. चौरसियाजी म्हणाले, "खेलिए सुमंतजी, खाली पड़ा है, कोई तो शोर करे."

तर त्या खेळात खेळाडूला आकडा असतो. दोनपासून वर आठपर्यंत. आठवाले लोक टीव्हीवर दिसतात. आपल्यासारखे दोन ते चारच्या मध्ये कुठेतरी धापा टाकत असतात. आणि हा आकडा दोन तऱ्हेचा. एक, तुम्ही किंवा तुमच्या क्लबाने सांगितलेला. दुसरा, खऱ्या स्पर्धेत खेळलात की त्या निकालावरून फोनमधलं ॲप काढतं तो. तुमच्याहून चांगल्यांना हरवलंत की वर, तुमच्याहून कच्च्यांकडून मार खाल्लात की खाली. पहिला आकडा काढायचं काम आमच्याकडे कोणी करायचं? मी निवृत्त बँक अधिकारी, तेव्हा आकड्यांचं काम माझ्याच गळ्यात. आणि माझी ख्याती अशी की बँकेत हाताखालच्या लोकांचे वार्षिक शेरे लिहायची वेळ आली की मी सगळ्यांना 'उत्कृष्ट' लिहायचो. उगाच वैर कोण घेतो! एकदा तर तीन महिने गैरहजर असलेल्या माणसालाही मी 'उत्कृष्ट' लिहून मोकळा झालो होतो. तो परत आला तेव्हा पेढे घेऊन आला.

आता वहिनींबद्दल. त्या माझ्या थोरल्या भावाच्या, विश्वेश्वरदादाच्या पत्नी. इंदूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. वय सदुसष्ट. सडपातळ, ताठ, आणि पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या आयुष्यभर चढून-उतरून पाय असे झालेत की मला मधे दोनदा थांबून, 'जरा गंगाजीचं दर्शन घेतो' असं म्हणावं लागतं आणि त्या वर जाऊन उभ्या असतात.

घरात त्यांचा मान फार. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, सगळं त्यांना विचारून. आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी त्यांचं गाणं. गाणं झालं की सगळे 'वा वहिनी, वा!' करतात, दत्तूशास्त्री डोळे पुसतात, आणि मग आम्ही प्रसादाच्या रांगेत पळतो.

मागच्या चातुर्मासात हिमानीने त्यांना ओढून लॉनवर नेलं. वहिनी म्हणाल्या, "अगं मी कसली खेळतेय, मी बसते खुर्चीवर." आणि आठवडाभरात हिमानीचा सलवार-कुर्ता घालून, पदर खोचल्यासारखी ओढणीला गाठ मारून, चेंडू मारायला लागल्या. जाळीजवळच्या सात फुटांच्या पट्टीला त्या खेळात किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही, हे कळलं तेव्हा म्हणाल्या, "स्वयंपाकघरात थांबू नका असं सांगणारं कोणीतरी भेटलं बाई."

एकदा खेळ झाल्यावर आम्ही चहा पीत होतो आणि हिमानी तिच्या फोनवरचं ते ॲप दाखवत होती. वहिनी ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, "म्हणजे हे ॲप मला ओळखत नाही?"

"नाही ना, मोठी आई."

"माझं वय, मी कुणाची कोण, काही नाही?"

"कुछ नहीं. किती गुण झाले, समोर कोण होतं, बस."

वहिनींनी चहाचा कुल्हड खाली ठेवला. "मग मला तो आकडा हवा," त्या म्हणाल्या. "स्पर्धा कुठे असते?"

मी हसलो. मूर्खासारखा. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कशाला आकडा? तुम्ही आकड्यांच्या पलीकडे आहात."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण ते पाहणं मला काही पचलं नाही. "भाऊजी, गेल्या गणपतीत मी अंतऱ्यात सूर सोडला. चांगला सोडला, घरंगळत खाली आला. तुम्ही सगळ्यांनी तितक्याच जोरात टाळ्या वाजवल्या. त्याच्या आदल्या वर्षी मी खरंच चांगली गायले होते. तेव्हाही तेवढ्याच. मला आजवर कळलेलं नाही की मला गाता येतं की नाही. आता ते कळायचं वय गेलं. हे तरी कळू दे."

माझी बायको निवेदिता म्हणाली, "मग खेळायचं, जाऊबाई. त्यात काय!" आणि तो विषय तिथे ठरला. खरमासात शिवपूरकडे एका नव्या क्लबाची स्पर्धा होती. आमची नावं पाठवायची ठरली. मिश्र दुहेरीत वहिनी आणि मी. सोबत चौरसियाजी, निवेदिता, आणि नुसतं बसायला दत्तूशास्त्री.

नावांबरोबर प्रत्येकाचा क्लबाने ठरवलेला आकडा पाठवायचा होता. त्यावरून आयोजक गट पाडणार. मी टेबलाशी बसलो, चष्मा चढवला, आणि खेळणारा असो नसो, वर सांगितले ते सगळ्यांचे आकडे मनोभावे लिहून पाठवून दिले. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की समोरचा माणूस हे आकडे खरे समजेल. आपल्याकडे माणूस 'आमचं गरिबाचं घर' म्हणतो तेव्हा पाहुणा घरात येऊन भांडी मोजत नाही. पण शिवपूरच्या त्या आयोजकांना ही रीत कोण शिकवणार!

गट जाहीर झाले. हिमानीने फोनवर वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. "बाबा! मोठी आई आणि तुम्ही वरच्या गटात? वो लोग तो जान ले लेंगे! मोठ्या आईला कोणी किती दिले?"

"साडेचार," मी अभिमानाने म्हटलं.

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. खाली आल्या. "साडेचार कशावरून, भाऊजी?"

"अहो, कशावरून काय! तुम्ही घरातल्या मोठ्या. तुम्हाला काय अडीच देऊ? दादांना वर काय वाटेल?"

"दादा खेळायला येणार आहेत का?"

या वाक्यावर निवेदिता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी मात्र भडकलो. माझा स्वभावच तो, चूक माझी असली की आवाज दुप्पट होतो. म्हटलं, "हे बघा, मी आदराने केलं, आणि आता माझ्यावरच खापर! उद्यापासून ज्याने त्याने आपले आकडे आपण लिहावेत, मी या भानगडीत पडणार नाही!"

"हा मान झाला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मान मला घरात पुष्कळ आहे. मी आकडा मागितला होता."

मी आयोजकांना फोन केला. लाजेकाजेस्तव म्हटलं, "भाईसाहब, ज़रा गलती हो गई, भाभीजी को दो-ढाई कर दीजिए." तो म्हणाला, गट पक्के झालेत, आता काही होणार नाही. नाव मागे घेता येईल, पण मग ती स्पर्धा तुमच्यासाठी संपली. आणि हिमानीने वर आणखी सांगितलं: सामना मधे सोडला तर तो धरत नाहीत. निदान एक सामना शेवटापर्यंत खेळला तरच ॲपचा आकडा येतो.

"मग शेवटापर्यंत खेळू," वहिनी म्हणाल्या. मी रात्री नीट झोपलो नाही. आमच्या वहिनी, आणि समोर ती पळती पोरं, आणि पाहायला शंभर माणसं. हसं होणार, आणि तेही माझ्या हातून!

स्पर्धेच्या दिवशी सकाळी कोहरा, म्हणजे धुकं, असं होतं की मैदागिनला ई-रिक्शा जवळ आली तेव्हा आधी तिचा भोंगा दिसला असं मी म्हणणार होतो, म्हणजे बघा माझी अवस्था. दत्तूशास्त्री कानटोपी, मफलर आणि शाल अशा बंदोबस्तात मधे बसले. अमृतराव पेशव्यांबरोबर आपले पूर्वज काशीत कसे आले ते त्यांनी शिवपूरपर्यंत सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं, पण त्याने आमची थंडी जरा कमी झाली.

आधी पुरुषांची दुहेरी, त्यात नावं कमी म्हणून गट एकच. मी आणि चौरसियाजी. माझे साडेतीन, त्यांचे साडेचार, लॉनमालक म्हणून. समोर दोन शाळामास्तर, तेही आमच्यासारखेच हाशहुश करणारे. त्यांच्याकडून आम्ही असे हरलो की पंचालाच वाईट वाटलं. चौरसियाजी घाम पुसत म्हणाले, "सुमंतजी, मेरा साढ़े चार किस हिसाब से था?" मी पाणी प्यायला गेलो.

तिकडे नवशिक्या बायकांच्या दुहेरीत, क्लबाने जोडून दिलेल्या एका मुलीबरोबर, निवेदिताने धुमाकूळ घातला होता. ती कॉलेजात बॅडमिंटन खेळायची हे मला ठाऊक होतं, म्हणजे तिने लग्नानंतर सांगितलं होतं आणि मी 'हं' म्हटलं होतं. समोरच्या बायका बॅट कशी धरायची ते नुकतंच शिकल्या होत्या. निवेदिताचे चेंडू त्यांच्या पायाशी पडत होते आणि त्या बिचाऱ्या एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी एक चिडून पंचाला म्हणाली, "ये दो नंबर की हैं? ये तो सरासर बेईमानी है!" आयोजक धावत आले. विचारलं, हा आकडा दिला कोणी? निवेदिताने बॅट माझ्याकडे रोखली आणि म्हणाली, "पति ने."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी दत्तूशास्त्र्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

आणि मग आमचं नाव पुकारलं. समोर विद्यापीठाची जोडी: वैदेही नावाची उंच मुलगी आणि तिचा जोडीदार, एक काटक पोरगा. दोघं उड्या मारत हात-पाय मोकळे करत होते. वहिनी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. तेवढ्यात मी काय केलं असेल? मी हळूच पलीकडे गेलो आणि त्या पोरांना म्हटलं, "बेटा, हमारी भाभीजी बड़ी हैं, घर की सबसे बड़ी. ज़रा देख के." मुलगी म्हणाली, "जी अंकल." गुणी पोरं. इतकी गुणी, की घात झाला.

खेळ सुरू झाला आणि आमचे गुण व्हायला लागले. तीन झाले, चार झाले. मी एक चेंडू मारला, तो पोरगा हलला पण नाही. मी मनात म्हटलं, सुमंता, तुझ्यात काहीतरी आहे! पाच. मी बॅट हातात फिरवायला लागलो. सहा-दोन. शपथ सांगतो, मला वाटायला लागलं होतं की स्वतःला साडेतीन घेऊन मी स्वतःवर अन्याय केलाय. मी कडेला बसलेल्या शाळामास्तरांकडे नजर टाकली, बघा म्हणावं.

मग वहिनींनी एक साधा, उंच, आळशी चेंडू मारला. लहान मुलालाही परतवता आला असता. वैदेहीने तो अलगद जाळीत घातला. वहिनी थांबल्या. जाळीपाशी गेल्या. "बेटी, हाथ में दर्द है?"

मुलगी खाली पाहायला लागली. पोरगा मात्र सरळ होता. "आंटीजी, अंकल ने कहा था कि..." आणि तो थांबला. थांबून काय उपयोग? सगळं सांगून झालं होतं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ओरडतील. आयुष्यात कधी ओरडल्या नाहीत, आज ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले होते. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "एकच गोष्ट मागितली होती मी. तीही तुम्ही मानापानाची करून टाकलीत."

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं हसं होऊ नये म्हणून..."

"होऊ दे ना! माझं आहे ना हसं? मग होऊ दे."

मग त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि पंचाला स्वच्छ हिंदीत सांगितलं, डाव शून्यापासून सुरू करा. पंचाने आयोजकांकडे पाहिलं. आयोजक निवेदिताच्या भांडणातून नुकतेच सुटले होते, त्यांनी दोन्ही हात जोडले. वहिनी त्या पोरांना म्हणाल्या, "ठीक से मारो. नहीं मारोगे तो मैं बैठ जाऊँगी."

आणि त्यांनी मारलं. बाप रे! चेंडू कुठून येत होता तेच कळत नव्हतं. मी बॅट उजवीकडे न्यावी तो डावीकडून जायचा. एक माझ्या पोटावर बसला, एक कानाजवळून गेला आणि मी गणपतीचं नाव घेतलं. पहिला डाव अकरा-शून्य. कडेचे शाळामास्तर आता माझ्याकडे पाहत होते, आणि मी नव्हतो पाहत.

दुसऱ्या डावात आठ-शून्य झाल्यावर वहिनींचा पाय घसरला. पडल्या नाहीत, पण गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभ्या राहिल्या. श्वास वर-खाली. कोणीतरी खुर्ची आणली. "माताजी, रहने दीजिए, बहुत हो गया." दत्तूशास्त्री शालीतून हात बाहेर काढून म्हणाले, "मृणालिनी, पुरे झालं, बस!" माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं. सदुसष्ट वर्षांची बाई आहे, काही झालं तर देवव्रतला, त्यांच्या पुण्यातल्या मुलाला, मी काय तोंड दाखवू? पण या वेळी मी तोंड बंद ठेवलं. एवढीच माझी त्या दिवसाची कर्तबगारी.

वहिनींनी खुर्ची पायाने बाजूला सारली. उभ्या राहिल्या. हिमानी कडेवरून ओरडली, "मोठी आई, धीमा! धीमा खेलो!"

सर्व्हिस आली. मी कशीबशी परतवली. त्यांनी जोरात मारला तो वहिनींकडे गेला, आणि वहिनींनी नुसती बॅट पुढे धरली. चेंडू जाळीला लागून जाईल की काय असं वाटलं, पण तो वरून हळूच उतरला आणि त्यांच्या पट्टीत जाऊन पडला. पोरगा धावला. खरा धावला, मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होतो, त्याने जीव तोडून हात लांबवला आणि आडवा झाला. चेंडू दुसऱ्यांदा टप्पा घेऊन बाजूला गेला. गुण सर्व्हिसवाल्यालाच मिळतो, म्हणून आधी नुसती सर्व्हिस आमच्याकडे आली. पुढचाही चेंडू तसाच, पण दुसऱ्या कोपऱ्यात. गुण. आठ-एक.

वैदेही तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अरे, आंटीजी!" त्यात आदर नव्हता. ती चिडली होती. वहिनींना ते इतकं आवडलं की त्या हसायलाच लागल्या.

आम्ही अकरा-दोन हरलो. दुसराही गुण वहिनींचाच. माझा एकही नाही. सामना पुरा झाला. पोरांनी जाळीवरून हात पुढे केला, वहिनींनी दोघांच्या हातात हात दिला, पाया पडायला वाकले तर पडू दिलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी होतो. निवेदिताचं पदक देवापाशी ठेवलेलं, त्यावरून मला टोमणे मारून झालेले, आणि हिमानी फोन घेऊन ओरडत खाली आली. "आले! आकडे आले!"

वहिनी भाजी निवडत होत्या. हात पुसून त्यांनी फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. 'मृणालिनी', आणि समोर दोन पूर्णांक एकसष्ट.

मी म्हणायला गेलो, "वहिनी, पहिल्यांदा एवढा म्हणजे..." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"हिमानी, मी पुढच्या वेळी जिंकले तर हा वाढेल?"

"हो."

"हरले तर कमी होईल?"

"हो ना."

"कोणाला न विचारता?"

"कोणाला विचारायचं, मोठी आई? अपने आप."

वहिनींनी फोन छातीशी धरला आणि त्यांना रडूच आलं. निवेदिता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "दोन-एकसष्ट," त्या रडता रडता म्हणत होत्या, "बघ, वाईट आहे की नाही? अगदी वाईट आहे!" असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर देवव्रतच्या बारशानंतर पाहिला नव्हता.

माझा आकडा दोन पूर्णांक अठ्ठावीस. शाळामास्तरांची कृपा. हिमानीने तो दोनदा मोठ्याने वाचला.

वातावरण जरा निवळल्यावर मी मोठेपणा घेतला. म्हटलं, "वहिनी, झालं गेलं विसरा. वसंत पंचमीला पुन्हा स्पर्धा आहे. आपण दोघं उतरू, यावेळी आकडे बरोबर लिहितो."

वहिनींनी डोळे पुसले, फोनवर माझा आकडा एकदा पाहिला, आपला पाहिला. मग माझ्याकडे वळल्या. चाळीसेक वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. पानात काय वाढू विचारण्यापासून दादांच्या आजारपणात रात्री कोणी बसायचं इथपर्यंत, सगळं 'तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी'.

"राग मानू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याबरोबर नाही खेळणार मी. तुम्ही कच्चे आहात."